मूल होत नसताना मन आणि संसार सांभाळण्याबद्दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान इंजेक्शनांबद्दल किंवा कुठलं सेंटर चांगलं याबद्दल नाही. उपचार चालू असताना, किंवा ते सुरू करायचे की नाही हेच ठरत नसताना, घरात, दोघांत आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात जे चालतं त्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. समुपदेशनाला येणारी जोडपी ते विचारतात. बऱ्याचदा निघताना, चप्पल घालता घालता विचारतात.

लग्नाला दीड वर्ष झालं, अजून काही नाही. आम्हाला प्रॉब्लेम आहे असं समजायचं का?

बारा महिने कुठलंही गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करून घ्यावी. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. मोजायचं ते प्रयत्न सुरू केल्यापासून, लग्नाच्या तारखेपासून नाही. एक जण पुण्यात, दुसरा बंगळुरूत आणि भेट महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी, असं असेल तर तुमचं दीड वर्ष वैद्यकीय हिशेबात बरंच कमी भरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी यातून जावं लागतं. म्हणजे तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, नात्यात अशी माणसं आहेतच. त्यांनीही कोणाला सांगितलेलं नाही, इतकंच.

सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नका, आपोआप राहील. टेन्शनमुळेच राहत नाही का?

नाही. हे उत्तर सगळ्यात वर लिहून दाराला चिकटवावं असं वाटतं.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०११ साली याच प्रश्नावर एक मोठा आढावा आला. त्यात १४ अभ्यास आणि ३,५८३ स्त्रिया होत्या. आयव्हीएफच्या, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र करून गर्भ आत सोडायच्या उपचाराच्या, आधी ज्या खूप चिंतेत किंवा उदास होत्या आणि ज्या तशा नव्हत्या, त्यांच्यात त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. रडलात म्हणून गर्भ रुजला नाही, असं होत नाही. बॉस ओरडला, सासूबाईंशी वाजलं, रात्रभर झोप लागली नाही, तरीही नाही.

ताणाचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असाही याचा अर्थ नाही. फार तीव्र ताण, जोडीला एकदम घटलेलं वजन किंवा अतोनात व्यायाम असेल तर काही जणींची पाळी लांबते, बीज तयार होणं थांबतं. ताणाने माणसं जास्त सिगारेटी ओढतात, संबंध कमी होतात. पण यातलं काही चालू असेल तर ते तपासणीत आणि बोलण्यात समोर येतं.

'शेजारच्या वहिनी महाबळेश्वरला जाऊन आल्या आणि लगेच राहिलं' ही गोष्ट प्रत्येक गावात असते. जी जोडपी महाबळेश्वरला जाऊन आली आणि काही झालं नाही, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. कारणं बहुतेक वेळा शरीरात असतात: नलिका बंद आहेत, पीसीओएस आहे (हार्मोन बिघडून बीज वेळेवर सुटत नाही), एंडोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं), शुक्राणू कमी आहेत. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग हेही एक कारण आहे. काही जोडप्यांत सगळे रिपोर्ट चांगले येऊनही कारण सापडत नाही. यातल्या कशालाच 'रिलॅक्स हो' हे औषध नाही. उलट त्या सल्ल्याने बाईच्या डोक्यावर आणखी एक काम येतं: आता शांतही राहायचं, आणि जमलं नाही तर त्याचा दोषही आपलाच.

मग मनाची काळजी घ्यायची तरी कशाला, निकालावर परिणाम होत नसेल तर?

कारण त्रास होतोय. दुखत असेल तर इलाज करायला एवढं कारण पुरतं.

हा त्रास लहान नसतो. अमेरिकेत ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूल होत नसलेल्या स्त्रियांमधली चिंता आणि नैराश्य कॅन्सरच्या रुग्णांइतकंच आढळलं होतं. कॅन्सर झालेल्या माणसाकडे लोक डबा घेऊन येतात. इथे 'अजून वय आहे की' म्हणून सोडून देतात.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. पुढे शक्यता चांगली असताना, खर्चही झेपत असताना बरीच जोडपी मध्येच उपचार सोडतात, कारण मनाने थकलेली असतात. थांबणं हा निर्णय असू शकतो, त्याबद्दल पुढे आहेच. पण तो थकव्याने घेतलेला नसावा. आणि तिसरं म्हणजे निकाल काहीही लागला तरी त्यानंतर तुम्ही दोघं त्याच घरात राहणार आहात.

माझी इतकी चिडचिड होते की मलाच माझी ओळख पटत नाही. हे औषधांमुळे की माझाच स्वभाव बिघडलाय?

औषधांचा भाग नक्की असतो. बीज वाढवायच्या गोळ्यांनी काहींना अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, मूड वरखाली होतो. गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने सुस्ती येते, रडू फुटतं. डॉक्टरांना हे सांगा. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. सायकलच्या तारखांपुढे रोजचा मूड एका शब्दात लिहून ठेवलात तर दोन महिन्यांत औषधाचा वाटा किती ते तुम्हालाच दिसेल, आणि नवऱ्यालाही दाखवता येईल.

मी रोज रडते आणि हा आयपीएल बघतो. याला काहीच वाटत नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्यात कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. क्रिकेटच्या जागी कधी ऑफिसचं काम असतं, कधी गाडी धुणं.

त्याला वाटतं. पण मुलगा म्हणून वाढताना त्याला एकच शिकवलेलं असतं: बायको कोसळली की आपण उभं राहायचं. म्हणून तो अपॉइंटमेंट घेतो, पैशांची जुळवाजुळव करतो, फ्रीजमधलं इंजेक्शन विसरू नये म्हणून मोबाइलला गजर लावतो. त्याच्या लेखी हेच प्रेम आहे. तिला हवं असतं ते दुसरंच: त्यालाही दुःख होतंय याचा काहीतरी पुरावा. तो रडला असता तर तिला हायसं वाटलं असतं, आणि आपण रडलो तर ती आणखी खचेल या भीतीने तो बाथरूममध्ये जातो. दोघं एकमेकांना जपत असतात आणि त्या जपण्यातच एकटी पडतात.

डेन्मार्कमध्ये उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: विषय टाळत राहणं, माणसं टाळणं, कामात स्वतःला बुडवून घेणं यांनी त्रास वाढतो, आणि एकाने टाळलं तर जोडीदाराचाही वाढतो. त्याच अभ्यासांत, या अनुभवाने आपण जास्त जवळ आलो असं सांगणारीही बरीच जोडपी होती. म्हणजे नातं तुटायलाच हवं असं नाही.

करून बघण्यासारखं: या विषयासाठी दिवसाची वीस मिनिटं ठरवून घ्या. जेवणानंतर, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटं झाली की विषय बंद. तिला खात्री मिळते की रोज ऐकलं जाईल. त्याला खात्री मिळते की रात्री एक वाजेपर्यंत हेच चालणार नाही. आणि बोलायला लागण्याआधी एक वाक्य: 'आज मला फक्त ऐकून घे' किंवा 'आज मला तुझं मत हवंय'. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण ती मोकळी व्हायला बोलत असते आणि तो लगेच तोडगा काढायला बसतो.

रिपोर्टमध्ये दोष माझ्यात निघाला. मी नवरा आहे. घरी सांगायची हिंमत होत नाही.

आधी रिपोर्टबद्दल. वीर्याच्या एका तपासणीवरून काही ठरत नाही. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं लागतं. ताप येऊन गेला असेल, नमुना उशिरा पोचला असेल तर आकडे खाली येतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज तंबाखू किंवा गुटखा सोडलात तर फरक तीन महिन्यांनी तपासायचा. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती डॉक्टरांना जरूर सांगा. 'ताकदीचं' म्हणून घेतलेलं हेच औषध शुक्राणू बनणं बंद पाडतं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. तरीही पहिली तपासणी बाईची होते, दुसरीही तिचीच, नलिका उघड्या आहेत का बघणाऱ्या ट्यूब टेस्टच्या वेदनाही तिलाच, आणि नवऱ्याचा साधा, स्वस्त रिपोर्ट वर्षभराने निघतो. दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात सुरू व्हायला हव्यात.

शुक्राणूंची संख्या आणि पुरुषपण यांचा संबंध नाही. हे वाचून पटत नाही, माहीत आहे. ज्यांची संख्या शून्य आहे असे अनेक पुरुष सर्व अर्थांनी ठणठणीत असतात. कळतं ते फक्त प्रयोगशाळेत.

घरच्यांना काय सांगायचं? तुम्हा दोघांचं जे ठरेल ते. पण एक गोष्ट होऊ देऊ नका. अनेक घरांत नवऱ्याचा दोष झाकायला बायको तो स्वतःवर घेते, आणि पुढची दहा वर्षं टोमणे ऐकते. सुरुवातीला ते प्रेमाने केलेलं असतं, पुढे नात्याला आतून पोखरतं. खरं कारण सांगायचं नसेल तर 'दोघांचेही उपचार चालू आहेत' एवढं म्हणा. तेही, शक्यतो, नवऱ्याने म्हणावं.

आमच्यातले संबंध म्हणजे ड्यूटी झालीय. ॲप सांगतं, आज. मग काहीच जमत नाही.

ॲप बाजूला ठेवा. गर्भ राहू शकतो असा काळ एका दिवसाचा नसून साधारण सहा दिवसांचा असतो: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटतं तो दिवस. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर तो काळ आपोआप सापडतो. ठरावीक रात्री 'आजच' म्हणून दबाव आला की पुरुषाला ऐन वेळी न जमणं अगदी सर्रास घडतं, आणि तो आजार नाही. पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना सांगा. आयव्हीएफ चालू असेल तर ठरलेल्या दिवशी ऐन वेळी अडायला नको म्हणून नमुना आधी गोठवून ठेवता येतो. आणि महिन्यातला पाळीनंतरचा एखादा आठवडा असा ठेवा की ज्यात जवळ येण्याचा मुलाशी काही संबंध नाही.

नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं? 'पाळणा कधी हलणार' ऐकून आता कान किटलेत.

नियम एकच: ज्याचे आई-बाप, त्याने बोलायचं. सासूबाईंना सुनेने समजावायचं नाही, ते मुलाचं काम आहे. तिच्या आईला तिने सांगायचं.

वाक्य आधी तयार करून ठेवावं, ऐन वेळी सुचत नाही. आईला: 'आई, आम्ही डॉक्टरांना दाखवतोय. सांगण्यासारखं झालं की सगळ्यात आधी तुला सांगेन. तोवर विचारू नकोस, आणि मावशीलाही सांगू नकोस.' यात तिचा मान राहतो आणि हद्दही आखली जाते. लग्नात भेटणाऱ्या लांबच्या काकूंना: 'बघू, काकू. तुमचे गुडघे कसे आहेत?' गुडघ्यांवर विषय गेला की परत येत नाही.

सगळं लपवायचं की उघड बोलायचं, याला एक उत्तर नाही. पूर्ण लपवलं तर सुट्ट्यांपासून इंजेक्शनांपर्यंत रोज खोटं बोलावं लागतं, आणि ते थकवतं. सगळ्यांना सांगितलं तर निकालाच्या दिवशी चाळीस फोन येतात. दोन-तीन माणसं निवडा आणि त्यांना कामही नेमून द्या: एक जण दवाखान्यात सोबत येईल, एक जण बाकीच्यांना परस्पर थोपवेल. आयव्हीएफची लाज वाटत असेल तर एवढं सांगतो, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून भारतातलं शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलं. तेव्हा जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुलं आहेत.

जावेचं डोहाळजेवण आहे. गेले तर रडू येईल, नाही गेले तर म्हणतील जळते.

जळफळाट होतो, हे खरं आहे. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. तिच्या पोटातलं बाळ तुम्हाला नकोय असं नाही. तुम्हालाही हवंय, आणि ते मिळत नाहीये. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

जायचं असेल तर आपल्या सोयीने जा. ओटी भरण्याच्या गर्दीत नको. आदल्या दिवशी घरी जाऊन साडी देऊन या, किंवा शेवटी जेवायला पोचा. परत निघायची वेळ नवऱ्याशी आधीच ठरवा. त्याने 'निघू या का?' विचारलं की निघायचं, कारण द्यायचं नाही. एखाद्या घरात मूल नसलेल्या बाईला ओटी भरायला बोलवत नाहीत किंवा बारशाला पाळण्यापासून दूर उभं करतात. अशा ठिकाणी न जाणं हा उद्धटपणा नाही. तिथे तुमच्या नवऱ्याने किंवा नणंदेने तोंड उघडलं तर फार बरं, पण ते होईपर्यंत स्वतःला परीक्षेला बसवू नका.

मोबाइलवरचे बाळांचे फोटो म्यूट करता येतात, कोणाला कळतही नाही.

ट्रान्सफर झालीय, म्हणजे गर्भ आत सोडलाय. बीटा रिपोर्टपर्यंतचे (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे) दोन आठवडे कसे काढायचे?

हा काळ अनेकींना इंजेक्शनांपेक्षा जड जातो. आधी रोज सोनोग्राफी, रोज फोन, रोज काहीतरी करायला होतं. आता एकदम काहीच नाही.

शरीर वाचायचा प्रयत्न करू नका. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं प्रोजेस्टेरॉननेही होतं. थोडं स्पॉटिंग झालं म्हणजे संपलं असं नाही, आणि काहीच जाणवत नाही म्हणजे संपलं असंही नाही. घरच्या टेस्टचा मोह आवरा: बीज पिकवण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते अंगात असेपर्यंत टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि फार लवकर केली तर खोटी निगेटिव्ह. पडून राहायची गरज नाही. चालल्याने, जिना चढल्याने गर्भ पडत नाही. औषधं मात्र रक्तस्राव दिसला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत.

वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात या काळासाठी एक साधं कार्ड तयार केलं होतं. त्यावर दहा वाक्यं होती, सकाळ-संध्याकाळ वाचायची. 'सगळं चांगलं होईल' अशी खोटी आशा त्यात नव्हती. आज माझ्या हातात काय आहे, यात मला कोणाची साथ मिळाली, मी कुठवर आले, अशा गोष्टींकडे लक्ष वळवणारी ती वाक्यं होती. पुढे नेदरलँड्समध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा कार्ड वाचणाऱ्यांची चिंता कमी झाली; गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे जे करायचं होतं तेवढंच त्याने केलं. तुमची वाक्यं तुम्ही मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहा.

रिपोर्टचा फोन कोण घेणार, कुठे असताना घेणार, हे आधीच ठरवा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नको.

निगेटिव्ह आला. बाळ नव्हतंच, मग इतकं दुःख कशाचं?

तुमच्या मनात होतं ना. त्याचा महिना मोजला होता, कदाचित नावही ठरलं होतं.

आपल्याकडे माणूस गेलं तर तेरा दिवस घर भरलेलं असतं, शेजारी भात-पिठलं आणून देतात, कोणी कामाला जा म्हणत नाही. इथे असं काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी स्टँड-अप मीटिंगला हजर राहावं लागतं. म्हणून तुम्हीच काहीतरी करा: दोन दिवस रजा घ्या. एखादं झाड लावावंसं वाटलं, समई लावून बसावंसं वाटलं, पत्र लिहावंसं वाटलं, तर लिहा. गर्भ राहून पडला असेल तर हे जास्तच लागू आहे, आणि तेव्हा 'लवकर गेला ते बरं झालं' म्हणणाऱ्यांना खोलीबाहेर ठेवायचा हक्क तुम्हाला आहे.

त्या आठवड्यात पुढच्या सायकलचा निर्णय घेऊ नका, पैसेही भरू नका.

आई म्हणते कुलदैवताला जाऊन या, सासरे म्हणतात त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करू. करावं का?

मनाला आधार वाटत असेल आणि त्यासाठी औषधं, तारखा, पैसे अडत नसतील तर जरूर जा. देवळात बसून रडता येतं, हे कमी नाही. मात्र पूर्वजांचा दोष तुमच्यामुळे उरावर आहे असं कोणी बायकोला एकटीला ऐकवत असेल, तर तो विधी तुमच्यासाठी नाही.

बाबा-बुवांपासून मात्र चार हात लांब. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, दैवी शक्तीने मूल होईल असं सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. कायद्याला तो वेगळा लिहावा लागला, यावरून काय ते समजा.

किती वेळा करायचं? थांबायचं कधी?

आकडे आधी. २०१५ साली ब्रिटनमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना पहिल्या सायकलमध्ये बाळ होण्याचं प्रमाण ३२ टक्के होतं. चाळीस ते बेचाळीस वयात, स्वतःच्या बीजावर, ते १२ टक्के होतं. सायकली वाढत गेल्या तसं एकूण प्रमाणही वाढत गेलं. याचा अर्थ पहिलीच अपयशी होणं हे बहुसंख्यांच्या बाबतीत घडतं. 'आमचंच नशीब' वगैरे काही नाही.

पण ब्रिटनमध्ये काही जोडप्यांचा खर्च तिथली सरकारी सेवा उचलते. इथे तो बहुतेक करून स्वतःच्या खिशातून जातो. एफडी मोडते, सोनं गहाण पडतं, माहेरून पैसे येतात आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही येतात. म्हणून सुरू करण्याआधीच कागदावर लिहा: किती सायकली, किती रुपये, कुठल्या वयापर्यंत, दात्याचं बीज किंवा शुक्राणू चालतील का. दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मग ताडून बघा. कागद बदलता येतो, पण शांत डोक्याने, निगेटिव्ह आल्याच्या रात्री नव्हे. डॉक्टरांना 'चान्स किती?' असं मोघम विचारू नका. 'माझ्या वयात, माझ्या रिपोर्टवर, तुमच्या सेंटरमध्ये शंभरातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?' असं विचारा.

थांबलेल्या जोडप्यांना आधी पोकळी वाटते, मग बऱ्याच जणांना सुटका वाटते, आणि त्या सुटकेची लाज वाटते. लाज वाटण्याचं कारण नाही.

सासरचे मुलाचं दुसरं लग्न करायचं म्हणतात. काय करू?

पहिलं लग्न कायम असताना हिंदू विवाह कायद्याखाली दुसरं लग्न होतच नाही, आणि तो गुन्हाही आहे. मूल न होणं हे त्या कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात मूल किंवा मुलगा नाही म्हणून बाईचा अपमान करणं, टोमणे मारणं याचा शाब्दिक आणि भावनिक छळात थेट उल्लेख आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. नवरा या सगळ्यात गप्प बसत असेल, तर प्रश्न आता वंध्यत्वाचा राहिलेला नाही.

दत्तक घेतलं की स्वतःचं होतं म्हणतात. खरं का?

नाही. ज्यांना दत्तकानंतर झालं त्यांची गोष्ट गाजते, एवढंच. आणि दुसरं मूल 'आणण्याचं साधन' म्हणून कुठल्याही मुलाला घरी आणू नये.

दत्तक हा स्वतंत्र निर्णय आहे. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर होते, लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात, समाजसेविका घरी येऊन अहवाल करते. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. लहान, निरोगी बाळासाठी प्रतीक्षा तीन वर्षांहून जास्त असते, त्यामुळे विचार चालू असेल तर चौकशी लवकर करा. मात्र आयव्हीएफच्या अपयशाचं दुःख ओलं असताना घाईने सही नको. घरी येणारं मूल कोणाची तरी जागा भरायला आलेलं नसावं.

आम्हाला एक मुलगी आहे, दुसरं होत नाहीये. आम्हाला दुःख करायचा अधिकार आहे का?

आहे. ज्यांना एकही नाही त्यांच्या दुःखाने तुमचं दुःख वजा होत नाही. फक्त मुलीसमोर जपून. ती चार वर्षांची असली तरी 'माझ्या असण्याने आईचं पुरत नाही' हे तिला कळतं.

समुपदेशकाकडे जायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

खरं तर वेळ यायची वाट बघू नये. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे उपचारांचे परिणाम, यशाची शक्यता, धोके आणि खर्च याबद्दल जोडप्याचं समुपदेशन करणं हे सेंटरचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते संमतिपत्रावर सह्या घेताना पाच मिनिटांत उरकतं. मागा. नीट वेळ मागा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक गेलेली, कशातच मन नाही, कामावर जाववत नाही, दारू वाढलीय, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, तर थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि उपचार चालू असल्याचं त्यांना सांगा. अशा काळात चालणारी औषधं असतात. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. 'मला मरावंसं वाटतं' एवढं वाक्यही सुरुवातीला पुरतं.

माझी बहीण यातून जातेय. मी काय बोलू?

थोडं. 'काय चाललंय, सांगावंसं वाटलं तर मी आहे' आणि मग खरंच हजर राहा. डॉक्टरांची नावं, काढे, यूट्यूबचे व्हिडिओ पाठवू नका. 'त्यापेक्षा माझी दोन घेऊन जा' हा विनोद तर कधीच नको. तिच्याशी पूर्वीसारखंच ऑफिस, सिनेमा, भाजीचे भाव यांवरही बोला; तिला पेशंट होऊन कंटाळा आलेला असतो. एग पिकअपच्या, म्हणजे बीजं काढून घेण्याच्या, दिवशी सोबत जा, किंवा दाजींना जेवण पोचवा, त्यांना त्या दिवशी कोणी विचारत नाही.

आणि दिवस तुम्हालाच गेले असतील तर तिला सगळ्यांसमोर, पेढे वाटताना कळू देऊ नका. आधी एकटीला मेसेज करा. फोन नको, फोनवर तिला लगेच आनंदी आवाज काढावा लागतो. मेसेज वाचून ती दोन दिवस काही बोलली नाही तर वाट बघा. बोलेल.